बेटावरचं घर पडकं नव्हतं

माझ्या मामा-मामींवर अन्याय झाला. गेल्या उन्हाळ्यात, आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी झाला. ते दोघं घरी नव्हते. मोजणीवाल्यांची बोट बेटाला टेकली. एक साहेब चढ चढून वर जाऊन आले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, "गवती झोपडी, पडकी, छप्पर नाही, चूल थंड, वापरात नाही." पंच म्हणून आणलेली दोन माणसं बोटीतच बसून होती, ऊन फार होतं म्हणून. सह्या त्यांनी तिथेच केल्या. त्या सह्यांनी माझे मामा-मामी बेटावरून पुसले गेले, आणि त्या वेळी ते पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी ओसरीत ताक पीत बसले होते.

घर उभं आहे. हे आत्ताच सांगते, कारण शेवटपर्यंत ताणून धरायची मला सवय नाही. मी संघटनेची पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत कोणावर काय झालं आणि कधी झालं ते सांगायचं, शेवटी काय पाहिजे ते मागायचं, मधे फार वेळ घ्यायचा नाही. वाचणारा बसस्टँडवर उभा असतो. हे मात्र पत्रकात मावलं नाही. मावलं नाही याचं बरंच वाटतं. हरलो की निषेधाचं पत्रक निघतं. जिंकलो की निवांत बसून लिहिता येतं, आणि अशी वेळ आमच्यावर फार येत नाही.

फुलसावंगीला एसटीतून उतरायचं. पुढे ऑटो मिळाला तर ऑटोनं, नाही तर कोणाच्या गाडीमागे बसून पाण्यापर्यंत. तिथे रस्ता सरळ धरणाच्या पाण्यात जातो. थोडं डांबर दिसत राहतं, मग गढूळ होतं, मग दिसेनासं होतं. त्याच रस्त्यावर पुढे माझ्या आईचं गाव होतं. धरण झालं तेव्हा मी जन्मले नव्हते. गाव बुडालं, गावामागचं टेकाड तेवढं वर राहिलं आणि त्याचं बेट झालं. टेकाडावर एकच घर होतं, आईच्या माहेरचं. आम्ही भोई. नदीत मासोळी धरायची, उन्हाळ्यात वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या लावायच्या, हे आमचं काम. गावातले सगळे पुनर्वसनाच्या वस्त्यांमध्ये पांगले. मामा गेला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: पाणी घराला लागलं नाही, आणि मासोळी तर आता घराखालीच आली. मग जायचं कायले?

ते घर गवताचं आहे. भिंती तुराट्यांच्या कुडाच्या, वरून माती-शेणानं लिंपलेल्या. छप्पर इतकं खाली उतरतं की आत जाताना मान वाकवावीच लागते. तालेवार माणूस असो की कोणी, घर आधी सगळ्यांना वाकायला लावतं. आत मे महिन्यातही मडक्यातल्यासारखा गारवा असतो. मयालीला, म्हणजे छपराखालच्या आडव्या तुळईला, जाळं टांगलेलं, त्यात चिमणी घरटं करते आणि मामी रोज तिला शिव्या देते पण जाळं हलवत नाही. धुरानं वरचे वासे असे काळे झालेत की हात लावला तर चमकतात. लहानपणी सुट्टीत मी तिथे जायची तेव्हा मला वाटायचं, आपलं यवतमाळचं स्लॅबचं घर हे खरं घर नाही, हे खरं. आता मोठी झाले तरी मत बदललेलं नाही.

गवताच्या छपराला दरवर्षी हात लागतो. दिवाळीनंतर पिकलेलं गवत कापून पेंढ्या बांधून ठेवायच्या. उन्हाळ्यात जुनं छप्पर उतरवायचं, नवं चढवायचं. याला शाकारणी म्हणतात. आमच्याकडे एक रीत आहे: जुनं गवत उतरवलं की लगेच नवं टाकायचं नाही. सांगाडा काही दिवस उन्हात उघडा ठेवायचा. लाकडातली कीड मरते, फटीतले विंचू निघून जातात, वासे कडक होतात. आणि उघड्या घरात चूल पेटवायची नाही. संसार उचलून उतारापलीकडे मोहाच्या झाडाखाली न्यायचा, तिथेच रांधायचं, तिथेच निजायचं. छप्पर चढलं की मग पहिला जाळ घरातल्या चुलीत. का, ते कोणी सांगत नाही. माझी आई शहरात सिमेंटच्या घरात राहते, तरी घराला रंग द्यायचा असला की गॅस गच्चीत नेते.

म्हणजे साहेब ज्या दुपारी आले ते वर्षातले मोजके दिवस होते, जेव्हा त्या घरावर छप्पर नसतं, आत भांडं नसतं आणि चुलीत राख थंड असते. उतारापलीकडे मोहाखाली सगळा संसार मांडलेला होता. तिथवर ते गेले नाहीत. मामा-मामी काठावरच्या वस्त्यांमध्ये शाकारणीला कोण कधी मोकळं आहे ते विचारायला गेले होते. साहेबांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. आणि जे दिसलं त्याचा अर्थ एकच निघत होता.

आठवड्याभरातच नोटीस लागली, आणि मला हे सगळं कळलं ते त्यानंतर. रस्ता पाण्यात जातो तिथल्या बाभळीला ती खिळ्यानं ठोकली होती. बेट पर्यटनासाठी द्यायचं ठरतंय, बेटावरचं पडकं बांधकाम मुदतीनंतर काढून टाकण्यात येईल, कोणाची हरकत असल्यास वगैरे. बाजूलाच एका ठेकेदाराचं फ्लेक्स. तुम्ही ते बघायला पाहिजे होतं. निळं पाणी, पांढरी बोट, आणि बेटावर ओळीनं गवताच्या झोपड्या. छपरं खाली उतरलेली, कुडाच्या भिंती, दारात कंदील. खाली लिहिलेलं, "पारंपरिक निवासाचा अनुभव. वातानुकूलित." बेटावरचं एकमेव खरं गवताचं घर मोडून तिथे गवताची खोटी घरं बांधायची आणि त्यात एसी बसवायचा. मी त्या फ्लेक्ससमोर किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मामानं डोंगा काठाला लावला आणि म्हणाला, चाल, ऊन लागते.

मी मामाला विचारलं, हे पाहिलं का? त्यानं पाहिलं होतं. म्हणाला, छपराचा उतार चुकला आहे, पावसात गळेल. तेवढंच बोलला. मामा डोंग्यात फार बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. मोजणीचे साहेब वयानं माझ्याएवढेच निघाले, सोलापूरकडचे, टेबलावर कागदांचा ढीग. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ते भांडले नाहीत, त्यामुळे माझी पंचाईत झाली. म्हणाले, "मॅडम, मला दिसलं ते मी लिहिलं. छप्पर नव्हतं. आत माणूस नव्हता. चुलीत हात घालून पाहिला मी." हे सगळं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी शाकारणीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की असं प्रत्येकजण म्हणतो. नोटीस लागली की पडक्या घरात लोक रातोरात राहायला येतात, ताडपत्री टाकतात, चूल मांडतात. बनाव ओळखायला ते शिकले आहेत. शेवटी माझ्या मागे लागण्याला कंटाळून त्यांनी फेरतपासणी करायचं कबूल केलं. दिवस दिला. एकदाच येणार, पुन्हा नाही.

मी ही बातमी घेऊन बेटावर गेले तेव्हा मोहाखाली सगळे बसलेले होते. मामा पळसाच्या मुळीचा वाक वळत होता; छपराच्या पेंढ्या त्याच दोरीनं बांधतात. मामी झिंगे निवडत होती. आणि चाचा आलेले होते. चाचा म्हणजे फुलसावंगीचे मुसलमान गृहस्थ, टिनाचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे त्यांचं, मामाचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनाही नोटिशीचं कळलं होतं आणि ते उपाय घेऊन आले होते. टीन. घरावर टीन टाकू, एका दिवसात काम होते, साहेब येईल तर पक्कं छप्पर दिसेल.

"पैसे मांगतच नाही भाभी," ते मामीला म्हणत होते. "दुकानात टिना पडल्या आहेत. माणसं माझी. तुमी फक्त हो म्हना."

मामी म्हणाली की टिनाखाली मासोळी वेगळी भाजायची गरज नाही, माणसं आतच भाजून निघतात. चाचा हसले, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. मलाही टीन पटत होतं. तारीख ठरली होती, आभाळ दोन दिवस भरून येत होतं, सांगाडा उघडा होता. मी म्हटलं, आत्ता टीन टाकू, नंतर गवत. मामीनं झिंग्यांची टोपली बाजूला ठेवली.

"टीन टाकलं तर म्हनतीन, काल बांधलं. गवत टाकलं तर म्हनतीन, नोटीस आल्यावर टाकलं. काहीच नाही टाकलं तर पडकं. आता तूच सांग व पोरी, तू कायदा शिकलेली, आमी डोक्यावर काय घ्याचं?"

मी कायदा शिकलेली नाही, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. ती म्हणत होती ते बरोबर होतं. तिन्ही बाजूंनी आम्ही कागदावर खोटेच ठरत होतो. मी म्हटलं, मोर्चा काढू. आजूबाजूच्या गावांतून माणसं आणू, बेटावर बसवू, साहेबांना दाखवू की हे घर एकटं नाही. मी पत्रकाचा मजकूर मोबाइलवर लिहूनही आणला होता. वाचून दाखवला. मामी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली की चांगलं आहे, पण त्यात शाकारणीचा दिवस कोणता ते नाही लिहिलं. लोक यायचे कधी?

मग तिनं विचारलं, साहेब येणार तो दिवस कोणता. मी सांगितला. ती म्हणाली, मग शाकारणी त्याच दिवशी ठेवू. मला वाटलं तिनं काही डाव आखला. चाचांनाही तसंच वाटलं असावं, ते सरसावून बसले. मामीनं डाव वगैरे काही आखला नव्हता.

"शाकारणीले पंगत घालाच लागते. साहेब आला त त्यालेही जेवू घालाच लागंन. मी दोनदा रस्सा नाही रांधत."

मामानं वळता वळता मान हलवली. झालं, ठरलं. चाचा म्हणाले, टिनाचं काय मग? मामा पहिल्यांदाच बोलला. "टीन राहू दे. तू शिडी धराले ये. मागल्या साली नाही आलता."

चाचांचा चेहरा पडला. मागच्या वर्षी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ते मामाला माहीत होतं आणि तरी त्यानं काढलं, आणि चाचांनी सफाई दिली नाही. येतो म्हणाले.

शिडी धरण्याचं मी थोडं समजावून सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. गाव होतं तेव्हा सगळी घरं गवताचीच होती आणि सगळं गाव मिळून एकेक घर शाकारायचं. आज याचं, उद्या त्याचं. मजुरी नाही, जेवण. प्रत्येकाची जागा ठरलेली. कोण आढ्यावर बसून पेंढ्या बांधणार, कोण डाव्या उतारावर, कोण वळचण छाटणार, कोण खालून पेंढी फेकणार. घर कोणाचंही असो, जागा तीच. बाप गेला की त्याच्या जागेवर मुलगा. चाचांचे वडील गावात पिंजारी होते, उंचीची भीती वाटायची म्हणून ते शिडी धरायचे. तेव्हापासून शिडी त्या घराची. गाव बुडालं आणि शाकारायला हे एकच घर उरलं. मग सगळे आपापल्या जागा घेऊन दरवर्षी इथेच यायला लागले. वर्षातून एका दिवसापुरतं ते गाव पुन्हा भरतं, आणि ते घराभोवती भरत नाही, घराच्या छपरावर भरतं.

तपासणीच्या दिवशी सकाळीच माणसं यायला लागली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, पण जुन्या नदीचं पात्र मधे राहतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर गाळ. मोजणीच्या वेळेपेक्षा पाणी आणखी उतरलं होतं, बोट गाळात फसली असती, म्हणून साहेबांनाही मामाच्या डोंग्यातच यावं लागलं. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर, चेहऱ्यावर गाळाचे थेंब. त्यांच्यासोबत दोन पंच. त्यातला एक जुन्याच पंचांपैकी होता आणि तो आमच्याच बुडालेल्या गावातला होता. हे मला तेव्हाच कळलं. तो मामीला पाहून डोंग्यातून उतरेचना.

"उतर," मामी म्हणाली. "मागल्या वेळी उतरला असता त आज गाळ तुडवाचं काम पडलं नसतं."

तो उतरला. हळूच म्हणाला की त्यानं लांबून पाहिलं होतं, सांगाडा उघडा दिसला, त्याला वाटलं काका-काकू गेले कुठे तरी पोरांकडे. मामा-मामींना पोरं नाहीत. मामीनं ते बोलून दाखवलं नाही. तिनं त्याच्या हातात वाकाचं भेंडोळं दिलं.

साहेब वर आले तेव्हा काम सुरू झालं होतं. माणसं छपरावर चढली होती, चाचा शिडीशी पाय रोवून उभे, खालून पेंढ्या जात होत्या. साहेबांनी एक नजर टाकली आणि माझ्याकडे वळले. मला त्यांचा चेहरा कळला. ते म्हणाले, "मॅडम, ही माणसं तुम्ही जमवलीत."

मी नाही म्हटलं. पण मी संघटनेची बाई, यवतमाळहून आलेली, माणसं जमवणं हेच माझं काम. माझा नकार कोणत्या तोंडानं खरा वाटणार? मी तिथे नसते तर त्या घराचं जास्त भलं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी गप्प बसले. आयुष्यात मी जितकी भाषणं केली त्यातलं हे सगळ्यात उपयोगी निघालं.

साहेबांनी फोटो काढायला मोबाइल वर धरला. उन्हामुळे चेहरे काळे येत होते. डाव्या उतारावर एक म्हातारा बसला होता, त्याला ते म्हणाले, बाबा, जरा तिकडे सरका, त्या रिकाम्या जागेवर, फोटो नीट येईल. म्हाताऱ्यानं पेंढी बांधता बांधता सांगितलं, "तिकडं नाही होत साहेब. थे दुसऱ्याची जागा हाय."

साहेबांनी विचारलं, कोणाची? म्हातारा म्हणाला, माझ्या भावाची. भाऊ कुठे आहे? मेला. मग? त्याचा पोरगा येत असतो. कुठे आहे? पुण्याले, कंपनीत. सुट्टी नसन भेटली.

साहेबांनी मोबाइल खाली केला. मग त्यांनी छपराकडे पुन्हा पाहिलं, आणि या वेळी मीसुद्धा पाहिलं. मी दर एक-दोन वर्षांनी ती शाकारणी पाहत आलेय, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. छपरावर माणसं सलग बसलेली नव्हती. मधे मधे खिंडारं होती. दोन माणसं, मग एकाची मोकळी जागा, मग एक माणूस, मग सलग मोकळं. ज्यांना हात पुरत नव्हता ते ताणून बांधत होते, घामाघूम होत होते, पण शेजारच्या मोकळ्या जागेवर कोणी सरकत नव्हतं.

साहेब घराभोवती फिरू लागले. बसलेल्यांना त्यांनी काहीच विचारलं नाही. ते फक्त रिकाम्या जागांबद्दल विचारत होते. इथे कोण? सुरतेला गेला. इथे? त्याची बायको बाळंतीण आहे, दुपारून येतो म्हणाला. इथे? ती जागा शिंप्याची होती, ते खानदानच गेलं नांदेडकडे, आता कोणी येत नाही, पण जागा आहे. ही आढ्यावरची? त्यावर सगळ्यांनीच खाली पाहिलं. आढ्यावरची जागा त्या पंचाची होती. त्याचा बाप तिथे बसायचा. पंच वाकाचं भेंडोळं घेऊन उभा होता. कोणी तरी म्हणालं, चढ ना बावा. तो शिडीपर्यंत आला. चाचांनी शिडी घट्ट धरली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो थांबला आणि खाली उतरला. म्हणाला, सवय नाही राहिली. कोणी त्याला हसलं नाही. त्यानं वाक तेवढा वर फेकला.

मग मामा स्वतः वर चढला. आढ्यावर मांडी घालून बसला आणि आवाज दिला, "भरा आता." तो आवाज दिल्यावर माणसं सरकली. ज्याच्या त्याच्या बाजूची मोकळी जागा भरली गेली आणि छप्पर एकदम सलग दिसायला लागलं. आधी वाट पाहायची, यायचे ते येतात का ते पाहायचं, नाही आले की घरमालकानं हुकूम द्यायचा, मगच दुसऱ्याच्या जागेवर बसायचं, असा तो नियम. मला तो माहीत नव्हता. भाड्यानं आणलेल्या माणसांना तर तो माहीत असण्याचा प्रश्नच नाही. भाड्याची माणसं मेलेल्याची जागा राखून ठेवत नाहीत.

साहेब माझ्याकडे आले. मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी विचारलं, बसायला सावली कुठे आहे. मी त्यांना मोहाखाली नेलं. तिथे मामीचा संसार पाहून ते थोडा वेळ उभेच राहिले. पेटी, डबे, पाण्याचा पितळी गुंड, झाडाला अडकवलेला आरसा, विझायला आलेली चूल आणि चुलीजवळ मांजर. त्यांनी चुलीपाशी हात नेला, अगदी मागच्या वेळी नेला असेल तसा, आणि चटकन मागे घेतला. मामी म्हणाली, साहेब, भाजलं त हळद लावा, इथंच आहे.

त्यांनी मांडीवर कागद घेऊन नवा पंचनामा लिहिला. मामा छपरावरून उतरून आला, घाम पुसत समोर बसला. साहेबांनी वाचून दाखवलं: गवती छपराचं राहतं घर, दरवर्षी शाकारणी होते, तपासणीच्या वेळी शाकारणी चालू होती, घरमालक व त्यांची पत्नी हजर, चूल गरम. मामानं पुन्हा वाचायला लावलं. साहेबांनी पुन्हा वाचलं. "राहतं घर" हे शब्द आले तेव्हा मामानं डोळे मिटून घेतले. मामीनं विचारलं की मांजर लिहिली का. साहेब हसले, पहिल्यांदाच, आणि म्हणाले, नाही लिहिली, पण लिहायला हरकत नव्हती. पंचानं सही केली. या वेळी आधी पूर्ण वाचून, ओठ हलवत, एकेक ओळ.

मी उठून उतारावर गेले. मी तिथेच दगडावर बसून पाण्याकडे पाहत राहिले. वरून पेंढ्यांचा आवाज येत होता, कोणी तरी कोणाला तरी आईवरून शिवी देत होतं, चाचा ओरडत होते की शिडी हलवू नका रे, इथं एक पेशंट उभा आहे.

जेवणं झाली. रस्सा तिखटजाळ होता, साहेबांच्या नाकातून पाणी यायला लागलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा घेतला. संध्याकाळच्या आत छप्पर पूर्ण झालं. मामीनं मोहाखालच्या चुलीतला विस्तव खापरात घेतला, मान वाकवून घरात गेली, आणि थोड्या वेळानं गवतातून धूर झिरपायला लागला. नव्या गवतातून धूर आधी सोनेरी दिसतो. माणसं ते पाहत उभी राहिली आणि मग आपापल्या डोंग्याकडे निघाली.

काही आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. टेकाडाचा वरचा भाग, घरासकट, प्रस्तावातून वगळला. खालच्या अंगाचं काय होईल ते अजून ठरायचं आहे, त्यासाठी आम्ही भांडतोच आहोत. पण घर राहिलं. मी मागच्या महिन्यात जाऊन आले. मामानं जाळं दुरुस्त करायला काढलंय, चिमणी त्याच्यावर चिडलेली आहे, मामी दोघांवर चिडलेली आहे. दुपारी मी आत पडले आणि झोप लागली. इतकी गाढ की मामीनं मला चहासाठीसुद्धा उठवलं नाही, आणि नंतर चार वेळा ऐकवलं.

आता मागणी. कागदावर लिहिलंय, "दरवर्षी शाकारणी होते." त्या एका ओळीवर ते घर उभं आहे. ज्या वर्षी शाकारणी होणार नाही त्या वर्षी ती ओळ खोटी पडेल आणि पुन्हा कोणी तरी पडकं लिहून जाईल. आणि छपरावरच्या मोकळ्या जागा दर वर्षी वाढताहेत. मामा आढ्यावर अजून किती उन्हाळे चढेल? शिंप्याची जागा कायमची रिकामी आहे. पुण्याच्या पोराला सुट्टी मिळत नाही.

म्हणून हे वाचून हळहळू नका. कुठल्या ग्रुपवर टाकू नका. येत्या उन्हाळ्यात आखजी झाली की फुलसावंगीला उतरा, पाण्यापर्यंत या आणि मामाच्या डोंग्यात बसा. जुने कपडे घाला, टोपी आणा, फोन खिशात ठेवा. मामी तुमच्या हातात पेंढी देईल. मामानं "भरा" म्हटलं की शिंप्याच्या जागेवर चढा.